कुसुमक्काने सोडलेली पुडी

कुणाबद्दल कुणी फार चांगलं बोलायला लागलं की कुसुमक्का पदर सावरून नीट बसतात. वाईट ऐकताना त्या एवढ्या सावध होत नाहीत. "वाईट बोलणाऱ्याला निदान काहीतरी माहीत असतं," त्या म्हणतात. "चांगलं बोलणाऱ्याला बहुधा आपल्याला लवकर वाटेला लावायचं असतं."

धारवाडात त्या आमच्या समोरच्या घरात राहतात. नाव कुसुमावती, पण गल्लीत सगळ्यांच्या कुसुमक्का. त्यांची उमेदीची वर्षं हुबळीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली. लोक एकाला काय सांगतात आणि फोन ठेवून लगेच दुसऱ्याला काय सांगतात, हे ऐकायचं नसलं तरी कानावर पडायचं. त्या नोकरीत त्यांचा माणसाच्या आवाजावरचा विश्वास जो उडाला तो उडालाच. आजही त्यांना काही सांगायला गेलं की पहिला प्रश्न कानडीत येतो, "नोडिद्यो, केळिद्यो?" म्हणजे पाहिलंस की ऐकलंस. ऐकलं म्हटलं की त्या भाजी निवडायला लागतात.

निवृत्तीनंतर त्यांच्याकडे आपोआप एक काम आलं, लग्नाच्या स्थळांची चौकशी. इथली मराठी घरं कानडी गावात विखुरलेली. एकमेकांना ओळखतात, पण अर्धवट. मुलीच्या बापाने स्वतः विचारत फिरणं बरं दिसत नाही, म्हणून तो कुसुमक्कांकडे येतो. त्या पैसे घेत नाहीत आणि घाईही करत नाहीत.

त्यांची पद्धत अशी की त्या कधी प्रश्नच विचारायच्या नाहीत. प्रश्न विचारला की माणूस सावध होतो. त्या पुडी सोडायच्या. मुलाच्या शेजाऱ्याकडे सहज जायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि मध्येच धडधडीत खोटं टाकायचं. "त्याची ती बँकेतली नोकरी गेली म्हणे." मुलगा सरळ असेल तर समोरचा ताडकन म्हणतो, कोण म्हणालं, कालच तर गेलाय बँकेत. काही भानगड असेल तर समोरचा खिडकीबाहेर बघतो. आमच्या कंपनीत प्रोग्रॅम तपासताना आम्ही मुद्दाम चुकीची माहिती भरतो आणि तो ती नाकारतो का ते बघतो. मी हे सांगितलं तेव्हा कुसुमक्का म्हणाल्या, "मग तुम्हाला त्याचा पगार कशाला देतात?"

या खेपेला मुलगी घरातलीच होती. सावनी ही त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ गेल्यापासून ती त्यांच्याकडेच असते आणि कॉलेजात गणित शिकवते. तिने मुलगा स्वतःच शोधला, विवाहाच्या वेबसाइटवर. अनिश मूळचा हुबळीचा, आता बल्गेरियाची राजधानी सोफिया इथे एका कंपनीत संगणकाचं काम करतो. दोघं कित्येक महिने रोज बोलत होती. सावनीचं मन बसलं होतं, आणि हे कुसुमक्कांना दिसत होतं. साखरपुडा ठरवायचा तर आत्याचा होकार हवा, हे सावनीने स्वतःच अनिशला सांगून ठेवलं होतं.

आत्याला मुलगा पहिल्या दिवसापासून खटकला. कारण तो कशालाच नक्की म्हणायचा नाही. दिवाळीला येणार का? बहुतेक. तिकडेच राहायचा विचार आहे का? सांगता येत नाही, शक्यता आहे.

"स्वतःचा पगार तरी नक्की सांगतो का गं?" कुसुमक्कांनी विचारलं.

"आत्या, त्याचं कामच ते आहे. काय बिघडू शकतं त्याचे अंदाज इंग्रजीत लिहायचे. तिथे नक्की लिहिलं तर वरचे धरतात."

"मग बायकोबद्दल पण अंदाजच लिहील."

त्या हुबळीला गेल्या. दाजीबानपेठेत अनिशच्या काकांचं कापडाचं दुकान आहे. त्याच्या शेजारी मल्लाप्पांचं दुकान. मल्लाप्पांना निवडायचं कारण म्हणजे त्यांचा मुलगा लोकेश सोफियातच डॉक्टरी शिकतो, अनिशच्याच इमारतीत राहतो. खोली अनिशनेच मिळवून दिली होती. कुसुमक्कांनी दोन ब्लाउजपिसं उलगडून बघितली आणि पुडी सोडली, "त्या अनिशचं इथे आधी एक लग्न झालेलं म्हणे. बायको सोडून गेली."

मल्लाप्पा चिडले नाहीत आणि बाहेरही बघितलं नाही. त्यांनी फक्त डोळे मोठे केले. "हौदा? खरं का? मला काहीच ठाऊक नाही अक्का. कोण सांगितलं?"

"बोलतात लोक," म्हणून कुसुमक्का उठल्या. मग कलघटगीला अनिशच्या मावशीकडे जाऊन तीच पुडी सोडली. मावशी एवढ्या भडकल्या की कुसुमक्कांना चहा न घेताच परतावं लागलं. म्हणजे एक कौल चांगला, एक कोराच. त्यांना तिसरा हवा होता, आणि तोही नात्याबाहेरचा.

"अनिशची घरमालकीण आहे ना तिथे?" त्या सावनीला म्हणाल्या. "तिचा नंबर माग."

अनिशने नंबर लगेच पाठवला. कुसुमक्कांचा संशय त्यानेच दुप्पट झाला. "इतक्या सहज कोण नंबर देतं? तिला पढवून ठेवली असणार."

घरमालकिणीला कामापुरतीसुद्धा इंग्रजी येत नव्हती. मग भार्गवीला बोलावलं. भार्गवी आमच्याच गल्लीतली, बल्गेरियात डॉक्टर होऊन आलेली, आता हुबळीच्या एका दवाखान्यात आहे. बल्गेरियातल्या पेशंटशी बोलण्यासाठी तिला तिथली भाषा शिकावीच लागली होती. रविवारी दुपारी मी तिथेच होतो. ती आली आणि फोन लावायच्या आधी म्हणाली, "अक्का, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ती बाई हो म्हणताना मान आडवी हलवेल."

"मग मान हलवू नको म्हणावं. तोंडाने बोल म्हणावं."

"आणि दुसरं, त्यांचं क्रियापद बदलतं. स्वतः पाहिलेलं सांगताना एक रूप आणि ऐकलेलं सांगताना दुसरं. तो घरी होता हे डोळ्यांनी पाहिलं असेल तर 'बेशे', कुणीतरी सांगितलं असेल तर 'बिल'."

कुसुमक्कांनी निवडायची भाजी बाजूला ठेवली. "म्हणजे आपलं म्हणे."

"म्हणेसारखंच. कानडीत आपण शेवटी 'अंते' लावतो तसं. फक्त आपण म्हणे गाळलं तर चालतं. तिथे ते क्रियापदातच बसलेलं आहे."

"आणि इंग्रजीत?"

"इंग्रजीत तसं रूपच नाही. वेगळं सांगायचं तर सांगता येतं, म्हणतात असं म्हणून. पण त्यांचे मे, माइट, मस्ट हे सगळे खात्री किती आहे ते सांगतात, माहिती आली कुठून ते नाही. आणि त्यातही गंमत बघा. तो घरी असलाच पाहिजे असं इंग्रजीत म्हणाला की समजायचं, त्याने घरात डोकावून पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर नुसतं 'आहे' म्हणाला असता."

"आपण तरी काय," कुसुमक्का म्हणाल्या. "घरीच असणार म्हणतो, तेव्हा आपण रस्त्यावर असतो."

"बल्गेरियनमध्ये 'सिगुर्नो' म्हणजे नक्की. पण तिथले पेशंट बहुतेकच्या जागी पण तेच वापरतात. गोळी घेतली का? सिगुर्नो. असं म्हटलं की मी डबी उघडून बघायची."

सावनीने फोन भार्गवीपुढे सरकवला. "फोन लावतेस का आता?" एवढंच ती म्हणाली.

फोनच्या पडद्यावर घरमालकीण रोसित्साबाई दिसल्या, स्वयंपाकघरात बसलेल्या, गळ्यात चष्मा. त्यांना भार्गवीशी आपल्या भाषेत बोलायला मिळालं म्हणून आनंदच झाला. भार्गवी एकेक वाक्य मराठीत सांगत होती आणि प्रत्येकाच्या पुढे जोडत होती, पाहिलंय, ऐकलंय. भाडं वेळेवर देतो, पाहिलंय. पितो क्वचित, तेही बिअर, पाहिलंय. गुडघे दुखतात म्हणून माझ्या पिशव्या वर आणून देतो, पाहिलंय. पूर्वीच्या कंपनीतून भांडून निघाला, ऐकलंय.

कुसुमक्का प्रत्येकाला मान डोलावत होत्या. मग त्यांनी विचारायला लावलं, "घरी बायका येतात का, लग्नबिग्न काही?"

रोसित्साबाईंनी पुढे वाकून आवाज खाली आणला. बराच वेळ बोलल्या. भार्गवीने एकदा सावनीकडे पाहिलं.

"काय म्हणते?"

"त्याचं भारतात लग्न झालं होतं म्हणे," भार्गवी म्हणाली. "बायको सोडून गेली म्हणे. 'बिल' म्हणाली ती. ऐकलंय. आणि हे कळल्यापासून तिने त्याला भाजलेल्या मिरच्यांची चटणी देणं बंद केलंय. एवढी मोठी गोष्ट लपवली म्हणून."

सावनीने ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. कुसुमक्का तिच्याकडे बघत नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, असं मला वाटलं. असलं तर ते फार वेळ टिकलं नाही.

"तिने पाहिलं नाही हे कळलं," त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं ते विचार."

भार्गवीने विचारलं. उत्तरात बल्गेरियन शब्दांच्या मध्ये आम्हा सगळ्यांना कळलेला एक शब्द आला. लोकेश.

"खालच्या मजल्यावरचा मुलगा," भार्गवी सांगू लागली. "त्याच्या वडिलांनी फोनवर सांगितलं त्याला. वडिलांचं म्हणे दुकान आहे..."

"पुरे," कुसुमक्का म्हणाल्या. "आभार मान आणि ठेव."

फोन बंद झाला तरी सावनीला काही उमगलं नव्हतं. "लोकेशला कसं माहीत? मल्लाप्पांना कसं माहीत?"

कुसुमक्कांनी ताटातली मेथी पुन्हा पुढे ओढली आणि एकही काडी न खुडता बसल्या. मग म्हणाल्या, "मी सांगितलं म्हणून."

त्यांनी सगळं सांगितलं. ब्लाउजपिसं, पुडी, कलघटगीची मावशी. चाचणीसाठी भरलेली खोटी माहिती खऱ्या माहितीत मिसळली की पुढे खरी कुठली, खोटी कुठली ते ओळखू येत नाही, हे आम्ही कंपनीत शिकतो. बोलण्यासारखी वेळ नव्हती, म्हणून मी बोललो नाही.

"म्हणजे ते खोटं आहे," सावनी म्हणाली.

"मी बोलले ते खोटं आहे. त्याचं खरंच काही नसेल असं मला कुठे माहीत? आता कुणाला विचारू? ज्याला विचारेन तो माझंच मला परत सांगेल."

"आत्या, अजूनही संशय?"

"संशय जातो का गं असा, दिवा घालवल्यासारखा?"

सावनीने तिथेच, आमच्या सगळ्यांसमोर अनिशला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "तुझं आधी लग्न झालंय का?"

"नाही," अनिश म्हणाला. मग, "कोण म्हणालं? म्हणूनच मालकीणबाई इतके दिवस माझ्याकडे अशा बघतायत का?"

"आत्या म्हणाली."

मग त्याने विचारलं, "त्यांना कुणी सांगितलं?"

सावनीने फोन आत्यापुढे धरला. कुसुमक्कांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले होते. हा त्यांनी हातात घेतला नाही. लांबूनच म्हणाल्या, "उद्या दाजीबानपेठेत जाऊन येते, मग बोलते. तोवर तू आईला काही सांगू नकोस."

"आईला बहुतेक ठाऊक आहे," अनिश म्हणाला. "दुकानातून काहीतरी ऐकून आली. दोन दिवस जेवलेली नाही. मला मात्र कारण सांगत नव्हती." त्यानंतर तो हळूच म्हणाला, "हा साखरपुडा मोडेल असं तिला वाटतंय. मला पण."

दुसऱ्या दिवशी सकाळी सावनी आणि कुसुमक्का हुबळीला निघाल्या. मला कामावर जायचं होतंच, तेव्हा आम्ही एकाच बसने गेलो आणि मीही पेठेपर्यंत सोबत गेलो. मल्लाप्पा नुकतेच दुकान उघडून उदबत्ती लावत होते. कुसुमक्का पायरीवरूनच म्हणाल्या, "अनिशच्या लग्नाचं ते काही खरं नाही बरं का. चुकीचं ऐकलं होतं मी."

मल्लाप्पा हसले. "असू दे अक्का. तुमच्या घरची पोरगी त्याला द्यायचं चाललंय, कळलंय सगळ्यांना. आता तुम्ही झाकणारच. सकाळी सकाळी धारवाडहून 'तसं काही नाही' म्हणून सांगायला आलात म्हणजे काय ते समजलो."

शेजारच्या दुकानात अनिशचे काका गादीवर चादर घालत होते. त्यांचा हात थांबला. सावनीने आत्याकडे पाहिलं. नुसता नकार उपयोगाचा नाही, हे कुसुमक्कांच्या ध्यानात आलं असावं. असावं म्हणतो, कारण त्यांनी ते कधी सांगितलं नाही.

त्या पायऱ्या चढून आत गेल्या, स्टुलावर बसल्या आणि काकांनाही बोलावून घेतलं. "मी ऐकलं नव्हतं. मी बनवलं होतं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "कुठल्याही मुलाची चौकशी करताना मी असंच करते. खोटं सोडते आणि लोक काय करतात ते बघते."

मल्लाप्पांच्या हातातली उदबत्ती तशीच जळत राहिली. "म्हणजे आमच्या प्रीतीच्या वेळी, जावयाला फिट्स येतात म्हणालात ते?"

"तेही."

"अक्का, मी चार वर्षं त्याला गाडी चालवू दिली नाही."

"मला काय ठाऊक, तू धरून बसशील."

"आणि त्या वकिलाच्या मुलाचं? घरातलं सोनं विकलं म्हणालात ते?"

समोरच्या दोन दुकानांतली माणसंही आता पायरीशी आली होती. या पेठेत पुन्हा कुणी कुसुमक्कांच्या पुडीला फसणार नव्हतं. धारवाडच्या सुभाष रोडपर्यंत ही बातमी दुपारच्या आत पोचणार होती. पोचली असणार नव्हे, पोचलीच. मला संध्याकाळी घरी आल्यावर तिघांनी सांगितली.

"सोन्याचं पण मीच," कुसुमक्का म्हणाल्या. "आणखी कुणाचं विचारायचंय ते विचारून घ्या. मी बसलेय."

अनिशच्या काकांनी खिशातून फोन काढला, भावजयीला, म्हणजे अनिशच्या आईला लावला आणि तिला म्हणाले, वहिनी, आधी जेवून घ्या, मग सांगतो. सावनी पायरीच्या कडेला उभी राहून अनिशला साखरपुड्याची तारीख विचारत होती. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. तिने मात्र पर्समधून पेन काढून तळहातावर काहीतरी लिहिलं.