उंबर तुटायच्या आत

उधव्याच्या नाक्यावर टेम्पोवाल्याने टपावरची सायकल उतरवून दिली. "वर आणायला भाडं दिलंस, आता चालवत परत खालीच जाणार? डोकं ठिकाणावर आहे ना, बाई?"

"आमची माणसं इकडूनच खाली गेली," शुक्री म्हणाली. "उलटं गेलं तर ओळख पटत नाही."

सायकल तिची मुलगी वर्षा हिची, शाळेतून मिळालेली. शुक्री स्वतः सायकल शिकली ती तिशी उलटल्यावर, सरावलीजवळच्या आश्रमशाळेत भात रांधायला वेळेवर पोचता यावं म्हणून. आज सायकलच्या कॅरियरला कोयती आणि ओलं गोणपाट बांधलेलं होतं.

त्यांचा पाडा उधव्याच्या वर डोंगरात होता. धरण आलं आणि पाडा उठला. घरांची लाकडं, भांडीकुंडी ट्रकने सरावलीकडच्या नव्या वसाहतीत गेली. ट्रकवाले गुरं घेईनात, म्हणून शुक्रीचा बाप हाल्या ती हाकत निघाला. बरोबर आई तानी, लहानगी शुक्री, आणि तानीच्या झोळीत तान्हा भाऊ. दुसऱ्या दिवशी तलासरी गाठायच्या आधीच, तापाने फणफणलेलं ते पोर भर दुपारी गेलं. त्याचं नाव ठेवायचं अजून राहिलं होतं. त्यांच्या घरात तान्ह्याला चिकाच्या, दुधासारखा रस गळणाऱ्या झाडाखाली पुरतात, म्हणजे ते उपाशी राहत नाही. जवळ एक उंबर होता. गुरं पाणी पिऊन बसली, तेवढ्यात हाल्याने खड्डा खणला. ऊन कलल्यावर गुरं उठवली आणि सगळे पुढे निघाले.

हाल्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. २०१८च्या मे महिन्यात वसाहतीत बातमी आली की उधव्याहून तलासरीला उतरणारा तो रस्ता रुंद होतोय, कडेची झाडं तुटायला लागलीत. तिसऱ्या दिवशी तानी म्हणाली, "झाड गेलं की पोर उघड्यावर पडेल, शुक्रे. त्याआधी फांदी आण. दारात लावू. फांदीबरोबर येईल ते."

पूर्वी एकदा तानीला त्या रस्त्याने जीपने नेलं होतं, पण तिला काहीच ओळखता आलं नव्हतं. सगळं भरकन मागे गेलं होतं. आता तिचे पाय सुजलेले असायचे. वाट आठवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि शुक्रीला तरी काय आठवत होतं? एक उंबर आणि एक ओढा.

उतार लागला. ब्रेक करकरत होते. मागून डंपर आला की ती कडेच्या खडीत उतरायची आणि धूळ बसेपर्यंत हँडल घट्ट धरून उभी राहायची. प्रत्येक झाडावर पांढऱ्या रंगाने आकडा टाकलेला होता. पहिला उंबर भेटला तो अगदीच कोवळा, तिच्या लेकीच्या वयाचा असेल. दुसऱ्याचा नुसता बुंधा उरला होता. कापावर पांढरा चीक अजून ओला होता. तिने बोट लावून पाहिलं. हाच असला तर? पण इथे ओढा कुठे होता?

ती जोरात पायडल मारत निघाली. पुढच्या वळणावर मोरी होती, मोरीखाली कोरडा ओढा, आणि काठाला जुना, ढोलीचा उंबर. त्याच्या फांदीला दोर बांधून झाला होता. मुकादम सुनिल करवतवाल्यांवर ओरडत होता.

"थांबा!" शुक्रीने सायकल तशीच टाकली. "एक फांदी घेऊ द्या."

"फांदी कशाला? पूजा आहे का?"

तिने सांगितलं. सुनिलने झाडाकडे पाहिलं. "हाच कशावरून?"

"ओढा आहे."

"ओढे काय, दर कोसाला आहेत."

"तेच बघतेय."

"अगं ताई, आईला काय कळणार? उंबर तो उंबर. तोड आणि जा घरी, तिला बरं वाटेल. माझी माणसं पाणी पितायत, तेवढ्यात उरक."

शुक्रीने कोयती उचलली. फांदी हाताच्या अंतरावर होती. आईने खरंच ओळखलं नसतं. रोज सकाळी तिने त्या फांदीला पेज घातली असती, दुसऱ्याच कुठल्या तरी झाडाला लेकरू समजून. शुक्रीचा हात वरच राहिला.

तेवढ्यात वरच्या वळणावर एक म्हातारा गुरं घेऊन आला. डांबराजवळ येताच त्याने गुरं खाली शेताच्या बांधाकडे वळवली.

"बाबा, सरळ रस्ता सोडून खाली कुठे?" शुक्रीने हाक मारली.

"डांबर तापलंय की! खूर भाजून घेऊ त्यांचे? गाडवाटेनं जातो."

शुक्रीने कोयती खाली घेतली. तेव्हाही मे महिनाच होता आणि तेव्हाही रस्ता डांबरीच होता. ती तर सगळी वाट अनवाणी चालली होती. पाय पोळल्याचं तिला आठवत नव्हतं. आठवत होता तो बोटांच्या फटीतून वर येणारा मऊ, गरम फुफाटा. तिचा बाप डांबरावरून गेलाच नव्हता.

"काय झालं?" सुनिलने विचारलं.

"हा नाही," ती म्हणाली आणि सायकल उचलून बांधावरून खाली उतरली.

म्हाताऱ्याचं नाव देवजी. तो पुढे, गुरं मधे, शुक्री सायकल ढकलत मागे. बैलगाड्यांची ती जुनी गाडवाट रस्त्यापासून लांब लांब सरकत गेली. करवतीचा आवाज सुरू झाला, मग बारीक होत गेला. वाट करवंदीच्या जाळीमागे वळली, आणि देवजीने न हाकताच गुरं थांबली. ओढ्यातला एक डोह होता, आटत आलेला. काठावर उंबर, एवढा मोठा की सावलीत चार बैलगाड्या मावाव्यात. खोडावर आकडा नव्हता. बुंध्याशी, पुरल्यावर ठेवतात तसे, तीन दगड एकमेकांना लावून ठेवलेले होते आणि मुळांनी ते अर्धे पोटात घेतले होते.

"हे दगड कुणाचे, बाबा?"

"मी बघतोय तेव्हापासनं आहेत. कुणाचं तरी असेल, म्हणून हलवत नाही कुणी."

शुक्रीने फोन लावला. पलीकडे तानीचा श्वास ऐकू आला.

"आये, सापडला. रस्त्याला नाही, आत आहे. इथवर कोणी तोडायला येणार नाही."

तानीने विचारलं, "सावली आहे?"

"भरपूर."

"गुरं बसतात तिथं?"

"आत्ताच बसली."

"फांदी तोडलीस?"

"तोडते आता."

"नको," तानी म्हणाली. "आपल्याला उठवलं एकदा, तेवढं बस झालं. निजलंय ते. राहू दे."

शुक्री दगडांजवळ खाली बसली. फोन तिने कानालाच धरून ठेवला. पलीकडून तानीनेही ठेवला नव्हता.