बावीस लिंबांची करणी

पेठ वडगावजवळच्या आमच्या गावात सरपंचाचा शब्द ग्रामपंचायतीपुरता चालतो, बाकी सगळीकडे बायडाबाईचा. कुणाची म्हैस आटली, कुणाचं पोरगं किरकिरायला लागलं, की ती लिंबू उतरणार, शाळेसमोरच्या तिकटीवर, तीन वाटा मिळतात तिथं, टाकणार आणि मागं न बघता घरी जाणार. चाळीस वर्षं हेच. मी इथला हेडमास्तर. रोज तिची लिंबं ओलांडून शाळेत यायचो आणि मनातल्या मनात चरफडायचो. तोंडावर बोलायची छाती नव्हती, खोटं कशाला सांगू?

त्यात चौथीच्या स्नेहलबाईंनी विजेचा प्रयोग काढला. घरून एकेक लिंबू आणा, त्यात तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खुपसून आणा, आपण दिवा लावू. पोरांनी आदल्या संध्याकाळीच तयारी केली. खिळा मारलेलं लिंबू कोणतीच आई घरात घेईना, म्हणून ती उंबऱ्याबाहेर राहिली. सकाळी बावीस दारांत बावीस लिंबं. आपल्या दारातलं पोरानं ठेवलंय हे प्रत्येकीला ठाऊक होतं, पण शेजारच्या दारातलं बघून प्रत्येकीची बोबडी वळली. डेअरीला दूध गेलं नाही.

बायडाबाईनं सगळी लिंबं पाटीत गोळा केली. तिकटीवर आली तर स्नेहलबाई आडव्या.

"आजी, द्या ती. पोरांचा अभ्यास हाय."

"हातात घेतलंसा तर सगळ्या गावाचं तुमच्यावर येतंय."

"येऊ दे की."

मागून डेअरीचे आकाराम ओरडले, "बायडाबाई, तू आत जाऊन बघ. करणी असंल तर उद्यापास्नं एक पोरगं शाळंत धाडत न्हाय."

वर्गात पोरांनी पाच लिंबं तारेनं एकापुढं एक जोडली. ज्वारीच्या दाण्याएवढा तांबडा दिवा लागला.

"मंत्र कुणी म्हटला?" बायडाबाईनं विचारलं.

"कुणीच न्हाय. लिंबाचा रस, तांबं आणि जस्त. एवढंच," स्नेहलबाई म्हणाल्या.

तिनं एक तार काढली, दिवा गेला. लावली, आला. मधल्या सुट्टीपर्यंत ती तेच करत बसली.

मग ती दारात गेली. गाव ताटकळत उभं होतं. मला वाटलं, काहीतरी मधलं बोलून आपला मान राखील. मी तरी राखला असता.

"कायबी न्हवतं," ती म्हणाली. "ह्यात न्हवतं, आन चाळीस वर्षं मी टाकली त्यातबी न्हवतं."

मग आकाराम हळूच म्हणाले, "बाधा हिलाच झालीया." हे सगळ्यांना एकदम पटलं. शाळेवरचं बालंट टळलं. दिवेलागणीला बायडाबाईला पाटावर बसवून तिच्यावरनंच लिंबू उतरलं आणि तिकटीवर टाकलं. मला फार वाईट वाटलं, आणि तरीही मी काही बोललो नाही.

सकाळी शाळा भरताना ती आली. पदरानं पुसून एक लिंबू तिनं स्नेहलबाईंच्या हातात ठेवलं.

"माझ्यावरनं उतरल्यालं हाय," ती म्हणाली. "खिळा तेवढा मारून घ्या."