मंद पडलेला हिरवा लेझर

"डावा डोळा झाका. माझ्याकडे बघा. काय दिसतंय?"

"साहेब, तुमचे कान दिसतेत. तोंड न्हाई दिसत."

केदारखेड्याच्या संगीताताई चष्म्याचा नंबर काढायला जालन्याला माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. त्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंग करतात. म्हणजे मिरचीची कळी चिमट्याने उघडून आतले पुंकेसर काढायचे आणि मग दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. "हिच्या हातची कळी कधी वाया जात नव्हती," नवरा प्रकाशराव म्हणाले. "आता चिमटा चुकून राह्यला."

ओसीटी काढला. हा डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन. ज्या तिळाएवढ्या जागेने आपण अक्षर वाचतो, चेहरा ओळखतो, नेमकं तिथेच भाजलं होतं.

"वेल्डिंगकडे बघितलं का?"

"न्हाई."

प्रकाशरावांनी मान खाली घालून खिशातून हिरवा लेझर काढला. ज्वारीवरची पाखरं हाकलायला जत्रेतून आणला होता. एका पहाटे थंडीत त्याचा उजेड मंद पडला. सेल संपला का, म्हणून ताईंनी टॉर्चमध्ये बघतात तसं त्यात डोकावून बघितलं.

"लई मंद होता, साहेब. बिलकुल टोचला न्हाई."

तिथेच घात झाला. अशा हिरव्या लेझरमध्ये आधी न दिसणारा इन्फ्रारेड किरण तयार होतो आणि त्याचा पुढे हिरवा होतो. थंडीत हे काम बिघडतं. हिरवा मंदावतो, इन्फ्रारेड मात्र तसाच बाहेर पडतो. त्याला अडवणारी काच स्वस्त मालात बसवलेलीच नसते. डोळा दिपत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. चार पैसे वाचवायला ती काच गाळणाऱ्याला माझ्यासमोर उभं करा, असं त्या दिवशी वाटलं.

"मंग साहेब, तुमच्याकडं बी लेझर हाय ना? माझ्या सासूला केल्ता तुमी. लेझरनं गेलं ते लेझरनंच येईल की!"

"नाही ताई. माझा लेझरही भाजतोच. गळक्या रक्तवाहिन्या बंद करतो. मेलेलं जिवंत करत नाही."

मी फटकळ माणूस. पण हे बोलताना मी ताईंकडे नाही, स्कॅनकडे बघत होतो.

काही महिन्यांनी पुन्हा तपासलं. चार्टवर तसूभर फरक नव्हता. क्रॉसिंग सुटलं होतं. ताई आता त्याच प्लॉटवर तोडलेल्या मिरच्यांच्या टोपल्या वाहतात.

"काही फरक?" प्रकाशरावांनी मला नाही, ताईंनाच विचारलं.

ताईंनी डावा डोळा झाकून नवऱ्याकडे बघितलं.

"हाय की. तुमचं नाक दिसाया लागलं."

ते हसले. नातेवाइकांपासून काही लपवलेलं मला चालत नाही. त्या दिवशी मात्र मी मान खाली घालून मशीन पुसत बसलो.

लेझर चालतो का, हे बघायचं तर भिंतीवर बघा. मंद दिसला, तर आणखी लांब धरा.