बंद कूलर

धाकट्या बहिणीचे पाय जड पडू लागले तेव्हा ऐन मे महिना होता. चाकूरला सासरी शिलाई मशीन चालवता चालवता तिचा उजवा पाय पायडलवरून घसरू लागला, म्हणून आम्ही तिला लातूरला माहेरी आणलं. आईनं बघताक्षणी लकवा ठरवला. लकव्याच्या माणसाला आमच्याकडे वारा लागू देत नाहीत. खिडक्या लावल्या, कूलर बंद केला, अंगावर घोंगडी घातली आणि दोन्ही वेळा तापल्या वाळूचा शेक सुरू झाला. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! मी शाळेत विज्ञान शिकवते. आईला अडवायचं सोडून वाळू मीच भाजत होते.

शेक झाला की तिला उभंही राहता येईना, डोळ्यांपुढं धुरकट व्हायचं. ती म्हणायची, "आक्का, गरम झालं की पाय माझे राहतच न्हाईत. थोडा कूलर लाव की." मी खेकसायचे. विचारल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, अशी ताकीदच दिली होती. सासरी जायचं नाही म्हणून नाटकं करतेस, असंही एकदा बोलले. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

पावसाळा सरताना नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. एमआरआय झाला. मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला. शरीराची संरक्षणयंत्रणाच मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांचं आवरण खाते. अशा माणसाला उष्णता सोसत नाही, गार ठेवायचं असतं. शेकानं रोग वाढला नाही, नुसता त्रास झाला, असं त्यांनी मला समजावलं. पण लगेच आणलं असतं तर पाय कदाचित लवकर सावरले असते. तो 'कदाचित' त्यांनी माझी कीव येऊन घातला, हे मला कळलं.

आता नवा झटका येऊ नये म्हणून इंजेक्शनं चालू आहेत. संशोधन चाललंय म्हणतात. गेलेलं परत आणणारं औषध अजून नाही. ती वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाते. सासरहून आणलेलं शिलाई मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलंय.

कूलरचं बटण तिच्या पलंगाशी मीच बसवून घेतलं. परवा दुपारी शाळेतून आले, तर आई शेजारी पापड लाटायला गेलेली आणि ही घामानं चिंब, पाय उचलता येईनात. बटण हाताशी होतं. का लावला नाहीस, मी विचारलं.

"आक्का, तू घरात न्हवतीस," ती म्हणाली. "विचारणार कुणाला?"