वर्कीच्या लॉटरीवर आमचा पहारा

किस्से कुठे साचतात, सांगू? जिथे माणसाला थांबावं लागतं, तिथे. आमच्या जंगल नाक्यावर हैद्राबादकडून येणारा आणि नागपूरकडे जाणारा प्रत्येक ट्रक थांबायचा. आडवी बल्ली वर जाईपर्यंत ड्रायव्हरला बोलण्याशिवाय उद्योग नसायचा आणि आम्हाला ऐकण्याशिवाय. नाका पांढरकवड्याच्या अलीकडे की पलीकडे, ते मात्र सांगत नाही. त्या बल्लीपाशी अजून कुणीतरी बसलेलं असेल आणि त्याला वाटेल, हा माझ्यावरच बोलतोय. नाक्यावर राहून माणसाचा स्वभावच तसा होतो.

आम्ही तिघं होतो. नाकेदार देवराव, चौकीदार रूपसिंग राठोड आणि मी, पुसदहून आलेला नवा कारकून. देवराव आमचे गुरू. जगातला प्रत्येक माणूस सागवान लपवून नेतोय, फक्त कुठे लपवलंय ते शोधायचं, ही त्यांची श्रद्धा. जुन्या मध्य प्रदेशाच्या दिवसांत ते नोकरीला लागले, मग जिल्हा मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्र झाला. म्हणजे एकाच स्टुलावर बसून देवराव तीन राज्यांत राहिले! दर वेळी नवे शिक्के आले, पण जुने त्यांनी टाकले नाहीत. कायले ठेवता, असं विचारलं तर म्हणायचे, "सरकारचा काय भरोसा? उद्या वापस आलं तं?"

* * *

देवरावांचा हात कसा, ते आधी ऐका.

बोरी अरब गावाकडची एक वरात ट्रकमधून चालली होती. देवरावांनी सगळ्यांना उतरवलं. आहेराची भांडी वाजवून पाहिली, गाद्या दाबून पाहिल्या. शेवटी नवरा-नवरीचे दोन पाट सापडले. देवरावांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि निकाल दिला, सागवान. पास दाखवा! मुलीचा बाप हात जोडून सांगतोय की पाट आजोबांच्या काळचे आहेत, मुहूर्त टळतोय, वाजंत्रीवाले उन्हात उभे आहेत. बऱ्याच वेळानं देवराव द्रवले आणि पाट सोडले.

पण जाता जाता त्यांनी बाशिंग बांधलेल्या नवरदेवाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मुलीच्या बापाला बाजूला घेऊन विचारलं, "हा तरी पोरगा तुमी नीट पाहून घेतला ना?"

* * *

अशा नाक्यासमोर वर्कीनं टायर-पंक्चरचं दुकान टाकलं, म्हणजे बघा.

वर्की केरळचा. एका ट्रकबरोबर आला, ट्रक बिघडला, ट्रक दुरुस्त होऊन गेला, वर्की राहिला. आमच्या लेखी आदिलाबादच्या खालचा सगळा मुलूख मद्रास, त्यामुळे तो मद्रासी. फुफाट्यात, चव्वेचाळीस डिग्रीत हा माणूस दुकान झाडून पाणी शिंपडायचा, रोज आंघोळ दोनदा करायचा, आणि ट्रकवाल्यांनी आणून दिलेलं गोल गोल अक्षरांचं वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. पंक्चर काढणारा माणूस एवढं कशाला वाचेल?

देवरावांनी विचार करून शोध लावला की हा नागपूरहून पाठवलेला छुपा अधिकारी आहे आणि आपल्यावर नजर ठेवतोय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही! त्या दिवसापासून ट्रकवाल्यांकडून चहासुद्धा घ्यायचा नाही, असा हुकूम सुटला. वर्की दिसला की आम्ही उठून उभे राहायचो. त्यालाही वाटायचं, इकडची माणसं फार अदबीची. पंक्चरवाल्याला साहेब म्हणणारा आमचा जिल्ह्यातला एकमेव नाका असावा.

हे प्रकरण मिटलं ते एका खऱ्या साहेबामुळे. साहेबांच्या जीपचं टायर बसलं, वर्कीनं पंक्चर काढून दिलं आणि साहेबांनी त्याला पैसे न देता गाडी हाणली. देवराव लगेच म्हणाले, "हा अधिकारी नाई. अधिकाऱ्याचे पैसे कोणी बुडवत नाई."

* * *

मग एका ट्रकमध्ये तो लिफाफा सापडला.

दक्षिणेकडून आलेल्या ड्रायव्हरच्या सीटखाली रूपसिंगला कागदांची चळत मिळाली. सरकारी छाप, मोठाले नंबर आणि तीच गोल अक्षरं. देवरावांचे डोळे चमकले. खोटे पास! ड्रायव्हर म्हणाला, माझे नाहीत, समोरच्या वर्कीचे आहेत. वर्कीला बोलावणं गेलं. तो ग्रीसचे हात पुसत आला आणि शांतपणे सांगू लागला. ही लॉटरीची तिकिटं. एक रुपयाचं एक. आमच्याकडे सरकारनं सुरू केलीय. नंबर लागला तर माणसाच्या जन्माचं कल्याण होतं.

देवरावांना हे अजिबात पटेना. "अबे, मळ्यात पत्ते खेळले तं पोलीस धरून नेते, अन् तुह्यं सरकार सोताच पत्ते वाटून राह्यलं?"

वर्की हो म्हणाला. देवरावांनी तिकीट उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. म्हणाले की जे सरकार पगार वेळेवर देत नाही, ते फुकटात एका माणसाला एवढा पैसा देईल, हे मी मेलो तरी मानणार नाही. तिकिटं मात्र परत दिली, कारण त्यांत लाकूड नव्हतं.

मी नंतर वर्कीला विचारलं की दर महिन्याला कशाला हे करतो, घरी का नाही जात. घरी म्हातारी आई होती, थोरला भाऊ होता. निघताना भावाशी भांडण झालं होतं. भाऊ म्हणाला होता, तुझ्यानं काही होणार नाही, हात हलवत परत येशील. वर्की मला एवढंच म्हणाला, "बाबू, खाली हाथ नहीं जाने का." त्यापुढे त्यानं तो विषय काढला नाही. मला त्या वेळी त्याचं वाईट वाटलं, आणि लगेच मनात आलं, हे आपल्याला का सांगतोय हा? नाक्याचं पाणी मलाही लागलं होतं.

* * *

पहिला घसरला तो रूपसिंग. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलखामुलखांतून फिरलेले. परमुलखाची भीती त्याला नव्हती, फसवणुकीची होती. तिकीट घ्यायचं, पण त्यावर लिहिलंय काय, हे वर्कीच सांगणार! उद्या ते औषधाचं लेबल निघालं तर?

यवतमाळच्या दवाखान्यात एक केरळची नर्स आहे, अशी बातमी त्यानं काढली. सुट्टी घेऊन, एस.टी.नं, वर्कीकडून दाखवायला घेतलेलं तिकीट डोक्याच्या फेट्यात खोचून रूपसिंग तिथे गेला. नर्सनं ते दोन्ही हातांत धरलं आणि मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. म्हणाली, सगळं खरं आहे, आमच्याच सरकारचं आहे. तिनं त्याला चहा पाजला आणि वर्की कुठल्या गावचा ते चारचारदा विचारलं.

रूपसिंग परत आला तो तोंड पाडून. आम्ही विचारलं, काय झालं, खोटं निघालं का?

"ते म्हणते खरं हाय. पण नाकेदारसाहेब, ते बी तिकडचीच ना! चोराचा साक्षीदार चोरच."

तिकीट मात्र त्यानं घेतलं. याडीला, म्हणजे आईला सांगू नका, एवढंच म्हणाला.

* * *

मग काय, तिघांनीही घेतली. आता पंचाईत वेगळीच झाली. तिकिटावर नाव नाही, ज्याच्या हातात तिकीट तो मालक. मग ठेवायचं कुठे? देवरावांचा घरच्यांवर विश्वास नाही, रूपसिंगचा देवरावांवर नाही, माझा दोघांवरही नाही. शेवटी जप्त केलेल्या कुऱ्हाडी ज्या पेटाऱ्यात असत त्यात तिकिटं ठेवून वर लाखेची मोहोर मारली. सोडतीपर्यंत आमच्या नाक्यावर जितका कडक पहारा झाला, तितका सागवानावर कधी झाला नव्हता.

निकाल यायचा गोल अक्षरांच्या वर्तमानपत्रात, तोही ट्रकनं, चांगला आठ-पंधरा दिवसांनी शिळा होऊन. वर्की वाचून सांगायचा की कुणालाच नाही. देवराव म्हणायचे, आकडे इंग्रजी आहेत, मी बघतो. बोट ठेवून सगळे रकाने बघायचे. एकदा तर त्यांनी चार पानं तपासून जाहीर केलं की यात एकही नंबर तिकिटाचा वाटत नाही, तिकडचं सरकार वर्कीला सामील आहे.

वर्कीनं पाहिलं. देवराव कोचीच्या बंदरात येणाऱ्या बोटींचं वेळापत्रक तपासत होते.

पण गंमत बाजूला ठेवा, खरा प्रश्न रूपसिंगनं विचारला होता. आपण इकडचे. नंबर लागलाच तर तिकडचं सरकार परक्या माणसाला पैसे देईल का? वर्की म्हणाला, देईल. देवराव म्हणाले, "मी त्या सरकारच्या जागी असतो तं देल्ले नसते." यावर वाद घालण्यात अर्थच नव्हता.

* * *

काळाची चक्रं कशी फिरतात पाहा! पुढे आपल्या राज्याचीही लॉटरी निघाली. पांढरकवड्याच्या बाजारात तिकिटं मिळू लागली, मराठीत छापलेली. आता आम्ही घरचे आणि वर्की परका. तोच आता आमच्यासमोर उभा राहून विचारत होता, "मेरे को देगा क्या, तुमचा सरकार?"

आम्ही एकदम भाव खाऊ लागलो. देवरावांनी चौकशी आरंभली. इथं किती वर्षं आहेस, रेशन कार्ड आहे का, ओळखणारं कोण आहे. जणू बक्षिसाचे पैसे त्यांच्याच खिशातून जायचे होते! वर्कीचा चेहरा उतरला. त्याला खरंच वाटू लागलं की नंबर लागला तरी आपल्याला दारातून हाकलतील. तेव्हा देवराव आयुष्यात पहिल्यांदा कुणाला जामीन राहायला तयार झाले. म्हणाले, तिकीट माझ्या हाती दे, लागलं तर मी उचलून पुरे पैसे तुझ्या हातावर ठेवीन.

वर्की नम्रपणे म्हणाला, "नको नाकेदारसाहेब. आज तुमी मेरे पे संशय करता, वो ठीक है. फिर मेरे को तुमच्यावर करना पडेगा. मेरे को वो जमणार नाही."

संध्याकाळी देवराव स्वतः बाजारात गेले आणि एक तिकीट वर्कीच्या दुकानात ठेवून आले, पैसे न घेता. ते लागलं नाही, हे सांगायला नकोच.

* * *

आता शेवटचं सांगतो.

एका उन्हाळ्यात वर्कीनं तिकिटं घेणं अचानक बंद केलं. पंधरा दिवसांनी दुकानातलं सामान विकलं. ट्रकवाल्यांनी निरोप आणला होता, आई फार थकलीय, ये. तो आम्हाला सांगायला आला. आम्ही अरेरे म्हटलं आणि त्याची पाठ वळताच तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं. लागली! दोन्हीपैकी कुठली तरी लागली. नाहीतर इतकी वर्षं रिकाम्या हातानं जाणार नाही म्हणणारा माणूस एकदम निघेल कसा?

निघायच्या दिवशी सकाळी तो आला तो भलीमोठी नवी कोरी पत्र्याची ट्रंक घेऊन. हिरवा रंग, त्यावर इंग्रजीत नाव, पितळी कुलूप. तो आम्हाला म्हणाला होता की त्यांच्याकडे परमुलखातून माणूस आला की सगळं गाव त्याची पेटी उतरताना बघायला जमतं. एका हातानं उचलून त्यानं ती रस्ता ओलांडून आणली. रूपसिंग माझ्या कानात म्हणाला, "पाह्यलं का बाबू? नोटा हलक्या असते."

दक्षिणेकडे जाणारा ट्रक उभा होता. नाक्यावरून जाणारी कुठलीही पेटी उघडल्याशिवाय जात नसे. वर्कीचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, "नाकेदारसाहेब, याच्यात लाकूड नाही." देवराव म्हणाले, हे मला सगळेच सांगतात. त्यांनी हात पुढे केला. वर्कीनं किल्ली दिली आणि तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

आम्ही माना लांब केल्या. पण देवरावांनी ट्रंक आपल्याकडे वळवली, झाकण वीतभर उचललं, आत पाहिलं आणि पुन्हा लावलं. थोडा वेळ ते तसेच झाकणावर हात ठेवून उकिडवे बसले. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "रूपसिंग, माह्या घरून तुरीच्या दाळीचा कट्टा आण. अन् जावयासाठी आणलेली नवी सतरंजी हाय, ते बी. माही बाई विचारल तं म्हण, जप्त झाली."

डाळीचं पोतं आलं, सतरंजी आली. देवरावांनी आमच्याकडे पाठ करून सगळं स्वतःच्या हातानं ट्रंकेत भरलं, कुलूप घातलं, वरून दोरी आवळली. ती ट्रकवर चढवायला आता रूपसिंग आणि क्लीनर असे दोघं लागले, आणि दोघंही कण्हले. वर्कीनं देवरावांचा हात धरला. देवरावांनी तो सोडवून घेतला आणि ड्रायव्हरवर खेकसले की पास दाखव, उशीर काहून करून राह्यला.

बल्ली वर गेली, ट्रक गेला. रूपसिंगचं मत आजतागायत एकच आहे, डाळ वरून टाकली ती पैसा झाकायला, आणि त्यात देवरावांचा वाटा होता. त्या दिवशी त्याच्यानं राहवलं नाही. देवराव बल्ली खाली ओढत होते, तिथे जाऊन त्यानं विचारलं, "नाकेदारसाहेब, खरं सांगा. पेटीत काय होतं?"

देवरावांनी दोरी खुंटीला बांधली.

"लाकूड नव्हतं," ते म्हणाले.