लोट्याची उंची

नेपाळातल्या भैरहव्याला आम्ही उतरलो तेव्हा वैशाखाची दुपार होती आणि आईच्या ओठांवर मिठासारखी पांढरी रेघ सुकली होती. वाशीमकडच्या अनसिंगहून निघताना ती एवढंच म्हणाली होती, "मरायच्या आंधी त्याची जागा पाहू दे मले." त्याची, म्हणजे बुद्धाची. लुंबिनी तिथून काही कोसांवर होती, पौर्णिमा दोन दिवसांवर. पण वाशीमपासून गाड्या बदलत आम्ही गोरखपूर गाठलं आणि तिथेच तिला जुलाब लागले.

गाव म्हणजे धुळीचा एक रस्ता. त्याच्या टोकाला स्वस्तातलं एकमेव गेस्ट हाउस. फलकावर उद्यान रंगवलेलं, प्रत्यक्षात केळीचे चार खुंट आणि पत्र्याच्या छपराखाली सहा खोल्या. आमच्या खोलीत ताज्या चुन्याचा आणि जुन्या मोहरीच्या तेलाचा वास कोंडला होता. समोरच मालकाचं स्वयंपाकघर. त्याच्या दाराशी मातीचा घडा होता. पाझरलेला थेंब खालच्या परातीत पडायचा आणि त्या इवल्या नादानं सारी दुपार तहानलेली वाटायची.

मालक पन्नाशीचा, बोलायला मऊ. "कौन जात?" त्यानं सहज विचारलं.

"बौद्ध."

"अच्छा, बौद्धमार्गी!" तो प्रसन्न हसला. त्याच्या देशातले बौद्ध पिढ्यान्‌पिढ्यांचे. आम्ही छप्पन साली दीक्षा घेतलेले. त्याआधीचं जातीचं नाव घरात उच्चारायचं नाही, हा आईचाच दंडक होता. घड्याकडे हात करून तो म्हणाला, "अपना ही घर समझिए."

सीमेवर भरून घेतलेला फिरकीचा तांब्या दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामा झाला आणि रस्त्यावरचा हापसा कोरडाच होता. मी तो घड्यातून भरून आणला. आईनं हातात घेतला आणि खाली ठेवला.

"त्याले ठाव हाय का, आपन कोन?"

"बौद्ध म्हनून सांगतलं ना, माय."

"थे त्याले समजलं का?"

मी तांब्याचं झाकण लावू लागले.

"मंग मी नाही पेत. समजून-उमजून त्याच्या हातानं देऊ दे."

हे भित्रेपण नव्हतं. दीक्षेनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, परगावच्या एका अनोळखी घरानं माझ्या बाबांना असंच हसून पाणी दिलं होतं. ते घशाखाली उतरलं आणि कुणीतरी बाबांना ओळखलं. घडा तिथल्या तिथे फोडला गेला आणि त्याच खापरांवरून त्यांना अनवाणी चालवलं गेलं. तळव्यांत रुतलेले तुकडे आईनं सुईनं काढले. तेव्हापासून ती पाण्याआधी देणाऱ्याचा चेहरा पाहायची.

दुपारी गावातला कंपाउंडर येऊन गेला. त्यानं आईच्या हाताची कातडी चिमटीत धरली. सोडल्यावरही ती तशीच उभी राहिली. दाराबाहेर येऊन तो हळूच म्हणाला, "हर घंटे पानी पिलाइए. नहीं तो शाम तक हाथ से जाएँगी."

मी चमचा तिच्या ओठांशी नेला. तिनं दात आवळून घेतले.

"पाया पडू का तुया?"

"कॉलेजात एवढी शिकली तू," तिचा आवाज वाळल्या पानासारखा झाला होता, "अन् एवढं सांगाले जीभ नाही उचलत तुयी?"

नव्हतीच उचलत. मालकानं बाहेर काढलं तर त्या उन्हात तिला कुठे ठेवणार होते मी? पाण्यावरच्या कितीतरी कविता मला पाठ होत्या. त्यांतली एकही ओळ तिची जीभ ओली करू शकत नव्हती. तिचे डोळे आत आत चालले होते.

मी उठले. मालक ओट्यावर तांदूळ निवडत बसला होता.

"हम नए बौद्ध हैं," मी म्हणाले.

"उसके पहले?"

मी ते नाव घेतलं. इतक्या वर्षांनी जिभेवर ते गंजक्या खिळ्यासारखं लागलं.

त्याची बोटं तांदळात थांबली. त्यानं घड्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. परातीत एक थेंब पडला. तो उठला, आतून एक लोटा भरून आला आणि आमच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "उन्हें यहाँ लाइए."

मी आईला उचललं. कापूस वेचून वाळलेल्या पऱ्हाटीइतकंच वजन उरलं होतं तिचं. उंबऱ्याशी टेकवली, त्यानं लोटा उचलला, आणि कुणी काही सांगायच्या आत तिच्या हातांची ओंजळ होऊन तोंडाला लागली. वरून धार पडत राहिली. ती प्यायली, घोटामागून घोट, डोळे मिटून. कोपरांवरून ओघळलेल्या पाण्यानं जमिनीचा वास उठला. तिचा एकेक घोट मी मोजत होते.

लोटा भिंतीशी उपडा ठेवून तो निघून गेला. थोड्या वेळानं अख्खा घडा अंगणात ओतल्याचा आवाज आला.

आईनं ओले हात लुगड्याला पुसले.

"काय म्हनून सांगतलं त्याले?"

"बौद्ध," मी म्हणाले.

तिनं त्या उपड्या लोट्याकडे पाहिलं.

"मंग इतक्या वरून काहून वतलं त्यानं?"

मी तो लोटा उचलून तिच्या नजरेआड ठेवला. तासाभरात तिला पुन्हा पाणी पाजायचं होतं.