वडिलांची काविळीची माळ

दादाला जाऊन सात महिने झाले. लिहायला बसते, चार ओळी होतात आणि दमायला होतं.

वळसंगच्या आमच्या घरात पोटात दुखलं की ते पित्तच असायचं. जेवण झालं की दादा वाकून बसायचा. कळ पाठीत जायची. "पित्त हाय गं. तुझ्या पुस्तकात लई रोग असतील की," असं मलाच चिडवून, थंड दूध पिऊन तो शेतात जायचा. अशी पाच-सहा वर्षं गेली. डोळे पिवळे झाले तेव्हा त्याला सोलापुरात माझ्याकडे आणलं.

स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कुणाला कॅन्सर?"

"न्हाय. वडील काविळीनं गेले," दादा म्हणाला.

मीही मान हलवली.

वडिलांच्या डोक्यावर काविळीची माळ ठेवली होती. मुळीच्या तुकड्यांची, टोपीएवढी. ती सैल होत खाली उतरली की कावीळ उतरली म्हणायचं. वडिलांची गुडघ्यापर्यंत आली. आईने पेढे वाटले. दोन महिन्यांत ते गेले. त्यांचीही कळ पाठीत जायची, हे मला दादाचे रिपोर्ट घेऊन रांगेत बसले असताना आठवलं.

मी ते डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, स्वादुपिंडाला वरचेवर सूज आली की तिथल्या पेशी मरतात, नव्या होतात. दर वेळी जनुकांची नक्कल होते आणि एखादी चूक राहून जाते. बऱ्याच चुका शरीर निस्तरतं. पण सूज हटलीच नाही, तर चुकलेल्या पेशींनाच वाढायला वाव मिळतो. काही घरांत तर एक चूक जन्मतःच आलेली असते. सगळ्यांना आजार होतोच असं नाही. "आधी कळलं असतं तर लक्ष ठेवता आलं असतं," एवढंच बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

दादाची मुलगी माझ्याकडे राहून शिकते. गेल्या आठवड्यात ती ताटावरून उठली आणि वाकून बसली.

"पित्त आहे गं आत्या. दूध दे."

दूध दिलं. काल तिला दवाखान्यात नेलं.

"तू म्हणजे ना, शिंकले तरी ॲडमिट करशील," ती कुरकुरत होती. फॉर्मवर घरच्यांच्या आजारांत आजोबांपुढे तिने 'कावीळ' लिहिलं. मी ते खोडलं.

"मग काय लिहू?"

"डोळे पिवळे. पोटातली कळ पाठीत जायची, कित्येक वर्षं. निदान झालं नाही."

तिने लिहिलं. त्याखाली तिच्या वडिलांची, दादाची ओळ होती. ती मी भरली.

जनुकांच्या तपासणीसाठी दोघींचं रक्त घेतलं. रिपोर्टला तीन आठवडे लागतील.